खुर्चीची सोयरीक

डहाणूकडच्या चिकूच्या वाड्यांतून फिरताना जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यात एक खुर्ची हमखास दिसते. काळपट तपकिरी लाकूड, गोल बैठक, बैठकीला वेताची जाळी, आणि एका मागच्या पायातून वर चढून, पाठीशी कमान करून दुसऱ्या पायात उतरणारी एकच सलग काठी. मुंबईत तिला सगळे इराण्याच्या हॉटेलातली खुर्ची म्हणून ओळखतात. आमच्याकडे ती पोचली तीही त्याच वाटेने. इराणहून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी मुंबईत हॉटेलं काढली आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात वाड्या केल्या. हॉटेल बंद झालं, भागीदारी मोडली किंवा पुढच्या पिढीने नवं फर्निचर आणलं, की जुन्या खुर्च्या टेम्पोत भरून वाडीवर. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या बऱ्याच खुर्च्यांची कहाणी एवढीच.

माझं काम खुर्च्या विणण्याचं. माहेर तलासरीचं, सासर डहाणूचं. सासऱ्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. ते लाकूड बघायचे, मी वेत बघायला लागले. या कामाने पोट भरलं, मुलांची शिक्षणं झाली. पण आज लिहायला बसले आहे ते या कामाने जोडून दिलेल्या माणसांबद्दल. गेली वीस-बावीस वर्षं आम्ही काही जण एकमेकांना खुर्च्यांमुळे ओळखतो. मुंबईच्या एक आर्किटेक्टबाई, पुण्याचे बँकेतून निवृत्त झालेले काका, वापीच्या कारखान्यातले एक इंजिनियर, नागपूरच्या कॉलेजात शिकवणारी एक ताई, नवसारीचे पॉलिशवाले भाई, आणखी पाच-सात जण. नात्याचे नाहीत, जातीचे नाहीत, एका गावचे तर नाहीतच. तरी घरात लग्न ठरलं की पहिल्या दहा फोनांत यांचे फोन असतात.

एवढं जीव लावण्यासारखं त्या खुर्चीत काय आहे, ते आधी सांगायला हवं.

मिखाएल थोनेट नावाच्या कारागिराने ती १८५९ साली काढली. कारखान्याच्या यादीत तिचा नंबर १४. बीच जातीच्या लाकडाच्या काठ्या वाफेवर मऊ करायच्या आणि लोखंडी साच्यात वाकवून सुकवायच्या. लाकडाचा स्वभाव असा, की ते दाबलं तर दबतं, पण ताणलं तर फाटतं. म्हणून वाकवताना काठीच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी घट्ट बांधायची, म्हणजे बाहेरची बाजू ताणली जात नाही, सगळा दाब आतल्या बाजूवर जातो. या एका पट्टीने जे जमलं ते त्याआधी कोणाला इतक्या स्वस्तात जमलं नव्हतं. अख्खी खुर्ची सहा तुकड्यांची, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटी करून भरली तर एक मीटर लांब-रुंद-उंच खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या, आणि पोचल्या ठिकाणी कोणीही हमालाने जोडाव्यात. १९३० पर्यंत पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या असं सांगतात. पेटंटची मुदत १८६९ ला संपल्यावर कोनसारख्या दुसऱ्या कारखान्यांनीही तीच तऱ्हा उचलली. त्यामुळे आपल्याकडे आलेल्या खुर्च्या एकाच घरच्या नाहीत. तिच्यावर कुठे वेलबुट्टी नाही, कोरीव सिंहाचं तोंड नाही. जिथे जोर येतो तिथे लाकूड जाड आहे, जिथे येत नाही तिथे बारीक. मी रोज हातात घेते, तरी हे बघायचा मला कंटाळा आलेला नाही.

विणकाम मला एका अंध मास्तरांनी शिकवलं. अंध मुलांना खुर्च्या विणायला शिकवायची आपल्याकडे जुनी रीत. सरकारी कचेऱ्यांत आणि रेल्वेत खुर्च्या विणणाऱ्यांच्या जागा असत आणि त्या जागांवर ही माणसं घेतली जात. मास्तर रेल्वेतून निवृत्त झालेले, राहायला बोईसरला. सासऱ्यांच्या ओळखीने ते दुकानात यायला लागले आणि हळूहळू त्यांच्याशेजारचं स्टूल माझं झालं.

शिकवायची त्यांची पद्धत अशी, की आधी हात धुवायचे आणि मग वेताची पट्टी बोटांतून नुसती ओढत राहायची. पट्टीची एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत. गुळगुळीत बाजू नेहमी वर. आणि वेताला जिथे पेरं असतं तिथे किंचित उंचवटा लागतो. पट्टी भोकातून ओढताना ती पेऱ्याच्या ज्या बाजूने अडते तिकडून कधी ओढायची नाही, दुसऱ्या बाजूने ओढायची. पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवली की पुरे. जास्त भिजली तर रंग काळवंडतो. मग बैठकीच्या कडेने पाडलेल्या भोकांतून उभे धागे, त्यांच्यावरून आडवे, पुन्हा उभे, आणि चौथ्या फेरीला आडवे धागे खाली-वर करत गुंफायचे. इथपर्यंत चौकोनी जाळी होते. जीव येतो तो तिरक्या धाग्यांनी. एक तिरका उभ्या जोडीवरून आणि आडव्या जोडीखालून जातो, दुसरा बरोबर उलट. हे उलटसुलट झालं तर विणताना लक्षातही येत नाही. पण धाग्यांच्या कडा एकमेकींवर घासत राहतात आणि काही वर्षांनी जाळी नेमकी तिथेच तुटते. मास्तर झालेल्या जाळीवरून तळवा फिरवायचे. कुठे खरखर लागली की बोट तिथे ठेवून म्हणायचे, "इथून सोड, बाळ." रागावायचे नाहीत. सोडायला मात्र लावायचे.

आर्किटेक्टबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती. ती २०१३ ला सुरू झाली. विरारहून शटल पकडून त्या आल्या आणि स्टेशनवर विचारत विचारत दुकानापर्यंत पोचल्या. जुनं फर्निचर शोधत मुंबईहून माणसं अधूनमधून यायची, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कितीला देणार?" बाईंनी किंमत विचारली नाही. खुर्ची उचलली, उलटी केली आणि बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला निरखून बघायला लागल्या. म्हणाल्या, कारखान्याचा ठसा इथे असतो, पण पॉलिशचे इतके थर आहेत की काही दिसत नाही. मास्तर बाजूला बसले होते. त्यांनी हात पुढे केला, अंगठ्याचं नख कड्यावरून सावकाश फिरवलं आणि एका जागी थांबले. "इथे काहीतरी ठोकलंय. अक्षरं आहेत." बाईंनी कापडाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तेवढीच जागा पुसली. एक थर गेला, दुसरा गेला, आणि लाकडात दबलेली थोनेटची अक्षरं वर आली. बाई खाली फरशीवर बसल्या. मग त्या मास्तरांना विचारत राहिल्या आणि मास्तर सांगत राहिले. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तशा उठल्या.

आमच्या सगळ्यांच्या ओळखी थोड्याफार फरकाने अशाच झाल्या. कोणीतरी कोणाकडे काहीतरी विचारायला आलं आणि उत्तर मिळाल्यावरही राहिलं.

पुण्याच्या काकांचा जीव स्टीलच्या नळ्यांच्या खुर्च्यांवर. मार्सेल ब्रॉयरने सायकलच्या हँडलवरून ती कल्पना कशी उचलली, १९२५ साली पहिली नळीची खुर्ची कशी केली, हे ते इतक्या प्रेमाने सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, ब्रॉयर त्यांच्याच बँकेत शेजारच्या टेबलावर होता. काकांनीच मला दाखवलं की ब्रॉयरच्या १९२८ च्या खुर्चीला नळी स्टीलची, पण बैठक आणि पाठ लाकडी चौकटीत विणलेल्या वेताची आहे. आधीच्या खुर्च्यांना चौकटीत भोकं पाडून हाताने विणलेली जाळी असते. पुढे यंत्रावर विणलेलं तयार कापड खाचेत दाबून बसवायला लागले. कोणती कशी हे ओळखायला काका फोटो पाठवायचे आणि मी चौकटीच्या खालच्या बाजूचा फोटो मागायची. बाईंनी आणखी एक दुवा जोडून दिला. १९२५ मध्येच पॅरिसच्या प्रदर्शनात आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिएने आपल्या नव्या तऱ्हेच्या घरात मुद्दाम थोनेटच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मांडल्या होत्या. नवं घर, आणि त्यात हॉटेलातली साधी खुर्ची. म्हणजे आमच्या वाड्यांतली ही जुनी खुर्ची आधुनिक म्हणवणाऱ्या सगळ्या खुर्च्यांची आजी ठरते. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खूश होते.

आमच्यात न बोलता काही रिवाज पडले. एकाने आधी पाहिलेली खुर्ची दुसऱ्याने परस्पर विकत घ्यायची नाही. कुठे काय मिळेल ते लपवायचं नाही; मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात किंवा अलंगच्या रस्त्यावरच्या, जहाजं तोडून निघालेल्या सामानाच्या दुकानांत काही चांगलं दिसलं, तर ज्याला त्याची आवड आहे त्याला त्याच मिनिटाला कळवायचं. मोडकळीला आलेल्या खुर्चीचे सुटे भाग फेकायचे नाहीत. यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट वापीच्या इंजिनियरांनी केली. या खुर्च्यांना लागणारे जुन्या आट्यांचे स्क्रू आणि नट बाजारात मिळत नाहीत, आणि हार्डवेअरचा नवा स्क्रू पिळला की शंभर वर्षांचं भोक बिघडतं. त्यांनी एक जुना स्क्रू मोजून घेतला आणि लेथवर तसेच करून आणले. पहिला डबा माझ्या दुकानात ठेवला. पैसे विचारले तर म्हणाले, "वहिनी, डबा अर्धा झाला की सांगा." तो डबा आजपर्यंत कधी रिकामा झाला नाही. नागपूरला, पुण्याला, मुंबईला कोणाला हवे असतील तर इथून जातात.

भांडणंही झाली, आणि साधी नव्हेत. सगळ्यात मोठं पॉलिशवरून. पुण्याच्या काकांचं म्हणणं, लाकूड मोकळं करा, खरा रंग दिसू दे. नवसारीचे भाई पिढीजात पॉलिशवाले. लाखेचं पॉलिश हाताने चढवणारे. ते म्हणत, शंभर वर्षांत माणसांच्या हातापाठींनी जो रंग आलाय तो काढून टाकायचा अधिकार आपल्याला नाही. मळ काढा, पॉलिश काढू नका. यावरून दोघांत इतकं वाजलं की बरेच महिने बोलणं बंद होतं. माझं मत भाईंच्या बाजूचं आहे, तेव्हाही होतं. आमच्या खाऱ्या हवेत उघडं पडलेलं बीचचं लाकूड टिकत नाही; एका पावसाळ्यात किडा शिरतो आणि बारीक छिद्रांतून पिठासारखा भुगा गळायला लागतो. पण मला आठवतं ते हे, की त्या अबोल्यातही काकांची एक खुर्ची भाईंकडे अर्धवट होती आणि भाईंनी ती काकांना हवी तशीच पूर्ण करून दिली. स्वतःला पटलेलं नसताना, आणि हात अजिबात आखडता न घेता. काका पुण्याहून नवसारीला ती न्यायला स्वतः गेले. त्यानंतर दोघांचं मत बदललं नाही, अबोला मात्र संपला.

आमच्या बैठका बऱ्याचदा एका इराणी आंटींच्या व्हरांड्यात व्हायच्या. आंटींकडे आठ खुर्च्या, त्यांच्या सासऱ्यांच्या हॉटेलातल्या. विकायला कितीदा माणसं आली, त्या विकत नाहीत. आमच्यातला कोणी कौतुकाने उभा राहून बघत बसला की आतून आवाज यायचा, "बेसो ने! खुरशी जोवा माटे नथी." म्हणजे बसा ना, खुर्ची बघायला नसते. चहा, खारी आणि मोसम असेल तर वाडीतले चिकू. आंटी स्वतः खुर्चीबद्दल कधी काही बोलायच्या नाहीत. पण कोणत्या खुर्चीवर कोणतं गिऱ्हाईक बसायचं हे त्यांनी सासऱ्यांकडून ऐकलेलं होतं आणि एखाद्या संध्याकाळी ते सगळं बाहेर यायचं.

चंदीगडच्या खुर्च्यांचा विषय पहिल्यांदा निघाला तो याच व्हरांड्यात. नवं शहर वसवताना १९५१ पासून ल कॉर्ब्युझिएचे चुलतभाऊ पिएर जानरे तिथे राहिले, १९६५ पर्यंत. कचेऱ्या, कॉलेजं, वसतिगृहं, ग्रंथालयं उभी राहत होती, त्यांना हजारोंनी खुर्च्या-टेबलं हवी होती. जानरे आणि त्यांच्यासोबतचे भारतीय आर्किटेक्ट, त्यांत युली चौधरी, यांनी सागवान आणि वेत धरून आराखडे केले; उलट्या व्ही-सारखे पाय, सरळ पाठ, आणि आकार असे की गावोगावच्या सुतारांना जमावेत. पुढे त्या खुर्च्या जुन्या झाल्या, कचेऱ्यांच्या गच्चीवर, जिन्याखाली ढीग पडले, भंगार म्हणून लिलावात गेल्या. तिथून त्या पॅरिसला, न्यूयॉर्कला पोचल्या आणि एकेक खुर्ची लाखो रुपयांना जायला लागली. खुर्चीच्या मागे रंगाने लिहिलेलं खात्याचं नाव आणि नंबर आपल्याकडे कोणी वाचत नव्हतं; तिकडे तोच अस्सलपणाचा पुरावा झाला. २०११ मध्ये केंद्र सरकारने ही विक्री थांबवायचा आदेश काढला.

बाई हे सगळं सांगत होत्या. सगळे हळहळत होते, किंमती ऐकून अवाक होत होते. मास्तर ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "त्यांची जाळी विणली कोणी?"

कोणाला सांगता आलं नाही. आराखडा कोणाचा ते ठाऊक, लिलाव कोणी केला ते ठाऊक, विकत कोणी घेतली तेही एखाद्या वेळी ठाऊक. हजारो बैठका विणणारे हात कोणाचे, रंधा मारणारे कोण, याचं नाव कुठे नाही. मास्तर म्हणाले, "आमच्या कारखान्यात दिवसाला किती झाल्या ते लिहायचे. कोणी केल्या ते लिहायचे नाहीत." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळे मला ते जास्त लागलं.

त्या दिवसापासून आमच्यात एक नवा रिवाज सुरू झाला आणि या सगळ्या वर्षांत आम्ही केलेल्या गोष्टींमध्ये मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. खुर्ची दुरुस्त झाली की बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला, कारखान्याच्या ठशाला धक्का न लावता, शिसपेन्सिलीने लिहायचं: सुतार कोण, विणणारा कोण, पॉलिश कोणाचं, गाव, महिना, साल. पहिलं नाव आम्ही मास्तरांचं लिहिलं, आंटींच्या आठपैकी एका खुर्चीवर. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. पेन्सिलीचं अक्षर बोटाला लागत नाही. मग इंजिनियरांनी पितळी पट्टीवर ब्रेलचे ठिपके उठवून आणले आणि ती पट्टी दोन बारीक खिळ्यांनी आतून बसवली. मास्तरांनी ती वाचली, आपलं नाव मोठ्याने उच्चारलं आणि गावाचं नाव चुकलंय म्हणाले. बोईसर नको, जन्मगाव हवं. पट्टी पुन्हा केली.

मी तलासरीची असल्यामुळे या सगळ्यात मला एक गोष्ट टोचत राहते, ती मी आमच्या लोकांत मोकळेपणी बोलते. सागवानाचं कौतुक सुरू होतं. वलसाडी साग कसा, त्याच्या रेषा कशा, तेल किती. हे खरंच आहे, आमच्या बाजूचा साग अप्रतिम. पण तो जंगलातून बाहेर काढला कोणी? १९४५ च्या मे महिन्यात झरीला वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही असं त्यांनी ठरवलं; गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. पुढे गवतकापणीच्या आणि जंगलतोडीच्या मजुरीसाठी लढे झाले, गोळीबार झाला, माणसं गेली. माझ्या लहानपणी घरात आणि शेजारपाजारी ज्यांच्या तोंडून हे ऐकलं त्यांतल्या काहींनी स्वतः ठेकेदारांसाठी झाडं पाडली होती. सागाच्या टेबलावर हात फिरवून "काय लाकूड आहे!" म्हणणाऱ्या माणसाने हेही जाणून असावं असं मला वाटतं. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या तलासरीला यायचं म्हणाल्या, आणि नुसतं म्हणाल्या नाहीत, आल्या.

त्या फेरीत त्यांना मी ओळखीच्या एका वारली काकांकडे नेलं. काका बाज विणतात आणि बांबूच्या टोपल्या करतात. वेत महाग झाला आहे, तर बांबूच्या पट्टीने खुर्चीची जाळी होईल का, हा आमच्या डोक्यात घोळणारा प्रश्न होता. काकांनी खुर्ची उलटसुलट करून पाहिली, भोकाच्या कडेवर बोट ठेवलं. म्हणाले, बांबूची पट्टी इथे मोडणार; ती वळते, पण इतक्या जवळून मुरडत नाही. मग त्यांनी बाईंना आपली बाज दाखवली. चार पाय, चार दांड्या, आणि सुंभाचं विणकाम. झोळ पडला की पायथ्याची दोरी सोडून ओढायची, पुन्हा ताठ. एकही खिळा नाही. बाईंनी वही काढून पायथ्याच्या त्या दोरीचं चित्र काढायला घेतलं. काका शेजारी बसून चित्र बघत होते, आणि एका ठिकाणी दोरी खालून नाही, वरून जाते, असं त्यांनी बोटाने दाखवलं. वहीच्या त्या पानावरही बाईंनी काकांचं नाव आणि पाड्याचं नाव लिहून घेतलं.

परतताना कोसबाडला थांबलो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि १९५७ ला ते कोसबाडच्या टेकडीवर आणलं. माँटेसरीच्या पद्धतीत मुलाला स्वतः उचलता येईल असं हलकं, बुटकं सामान लागतं. ताराबाईंनी महागडी परदेशी साधनं बाजूला ठेवून आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंतून आदिवासी मुलांसाठी साधनं उभी केली. आमच्यातले लोक जर्मनीच्या बाउहाउस या डिझाइन शाळेबद्दल बोलतात. आपल्याकडची उदाहरणंही सांगतात: आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डला त्याच बाउहाउसच्या ग्रोपियसच्या हाताखाली शिकून आले, जपानी-अमेरिकन सुतार जॉर्ज नाकाशिमा १९६४ मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत येऊन फर्निचर करून गेले. हे मला आवडतं. पण कोसबाडच्या त्या कामाचं नाव त्याच दमात घ्यावं असं माझं ठाम म्हणणं आहे. हाताशी असलेलं साहित्य, वापरणाऱ्याच्या मापाचं, आणि गरिबाला परवडेल असं. थोनेटनेही दुसरं काय केलं होतं?

मास्तर गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्यानंतर पुण्याचे काका गेले. काकांच्या घरून फोन आला की वही सापडली आहे, तुम्ही सगळे या. त्या वहीत प्रत्येक खुर्चीचं एक पान होतं: कुठे मिळाली, किती दिले, कोणी दुरुस्त केली, आणि पानाच्या तळाशी, माझ्यानंतर कोणाकडे जावी. एकही खुर्ची बाजारात द्यायची नव्हती. नळीची एक खुर्ची नवसारीच्या भाईंच्या नावावर होती, ज्यांच्याशी एकेकाळी त्यांचा अबोला होता. भाई म्हणाले, "नळीला मी काय पॉलिश करू?" आणि डोळे पुसत ती उचलली. ब्रॉयरच्या धाटणीची, हाताने विणलेल्या चौकटीची खुर्ची माझ्याकडे आली. तिची पाठ फाटलेली होती आणि काकांनी ती मुद्दाम तशीच ठेवली होती, कारण पानावर लिहिलं होतं, डहाणूला विणायला द्यायची. मी विणली. आतून काकांचं नाव लिहिलं; ते ना सुतार, ना विणकर, तरी लिहिलं. आमच्यात कोणी हरकत घेतली नाही.

हल्ली सामान फार निघतं आहे. मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन दोन्ही आमच्या तालुक्यांतून जातात. घरं हलली, जुने बंगले विकले जातात, आणि माळ्यावरचं सगळं भंगारवाल्याच्या गाड्यावर येतं. तलासरीच्या हायवेवरच्या भंगारवाल्यांना आम्ही सांगून ठेवलं आहे: वाकवलेल्या लाकडाचं काहीही आलं, मोडलेलं असलं तरी, फोडू नका, फोन करा. ते करतात. त्यातला एक जण आता स्वतःच बैठकीच्या कड्याची आतली बाजू बघतो आणि ठसा असेल तर फोटो पाठवतो.

अडचण वेताची आहे. चांगला वेत आसामातून, अंदमानातून यायचा आणि बराचसा इंडोनेशियाहून. इंडोनेशियाने २०१२ च्या सुरुवातीपासून कच्च्या वेताची निर्यात बंद केली, तेव्हापासून भाव चढले ते उतरलेच नाहीत, आणि माल मिळतो त्यात पेरं जवळजवळ असलेला, पट्टी लवकर तुटणारा जास्त. प्लॅस्टिकची पट्टी स्वस्त आहे, भिजवावी लागत नाही, दिसायलाही लांबून तशीच. हॉटेलवाले तीच मागतात. नागपूरच्या ताईचं म्हणणं, रोजच्या वापराच्या खुर्चीला प्लॅस्टिक लावायला हरकत नाही, खुर्ची वापरात राहिली हे महत्त्वाचं. मला ते पटत नाही; वेत हवेसरशी थोडा सैलावतो, पुन्हा ताणतो आणि बसणाऱ्याच्या अंगाला वारा लागू देतो, प्लॅस्टिक नुसतं ताणलेलं राहतं आणि शेवटी चौकटीच्या कडाच चिरतं. पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या तलासरीच्या तीन मुलींना वेताच्या भावात महिन्याचा हिशोब बसवून दाखवता यायला हवा, हेही तितकंच खरं. वापीचे इंजिनियर आसामातून एकत्र माल मागवून आपसांत वाटून घ्यायचं गणित मांडत आहेत. पुढची बैठक त्यावरच आहे, आणि ती तलासरीला ठरली आहे. बाजवाले काका येणार आहेत, मुली येणार आहेत, आणि आंटींनी निरोप धाडला आहे की आठ खुर्च्यांतल्या चार टेम्पोतून पाठवते, खाली बसून बैठक करू नका.